मूत्रपिंडविकारातील आहारतक्ता आणि तपासणीचे निर्देशांक : एक चिकित्सा
(कोल्हापूरच्या आहारपद्धतीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाच्या हाती बहुधा वर्ज्य पदार्थांची छापील यादी पडते. मीठ, मटण, डाळी, दूध, फळे असे बरेच काही तीत असते. पथ्य लागू पडले की नाही, हे कुटुंबीय मात्र रक्तातील क्रिएटिनिन या एकाच आकड्यावरून ठरवतात. ही पद्धत अपुरी व प्रसंगी घातक आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्रिएटिनिनची मर्यादा :
क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते व मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. परंतु स्नायू झिजले तर ते घटते. त्यामुळे डाळ, दूध, अंडी सारेच बंद केलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन उतरणे हा सुधारणेचाच पुरावा मानता येत नाही. ते कुपोषणाचेही लक्षण असू शकते. म्हणून वजन, स्नायूंची ताकद, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील पोटॅशियम, फॉस्फरस व बायकार्बोनेट यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.

प्रथिनांचा प्रश्न :
१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'एमडीआरडी' अभ्यासात प्रथिने घटवल्याचा निर्विवाद लाभ आढळला नाही. 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार, मध्यम ते तीव्र विकार असलेल्या प्रौढाने दर किलो वजनामागे दररोज ०.८ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. म्हणजे ५० किलो वजनास ४० ग्रॅम. डायलिसिस सुरू झाल्यावर हीच गरज १.० ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम होते. अशा वेळी जुनाच तक्ता पाळणारा रुग्ण निष्ठेने पथ्य करीत अशक्त होत जातो.

कोल्हापुरी ताटाचा विचार :
छापील तक्ता पदार्थांची नावे सांगतो, पाककृती पाहत नाही. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णास भाजी चिरून, उकळून पाणी टाकून देण्यास सांगितले जाते. आपल्याकडे मात्र शिजवलेल्या डाळीच्या पाण्याचीच कटाची आमटी होते आणि मटणाच्या पाण्याचाच तांबडा-पांढरा रस्सा. तेव्हा 'मटणाच्या फोडी नाहीत, नुसता रस्साच घेतला' हे समाधान फसवे ठरते. साखरेत जवळजवळ नसलेले पोटॅशियम गुळात असते. सैंधव मिठातही सोडियमच असते, तर 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. केडिगोने सुचवलेली मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी आहे; खर्डा, लोणचे, पापड यांतील मीठही त्यातच मोजावे लागते. याउलट, डाळी व ज्वारीतील फॉस्फरस दूध-मांसातील फॉस्फरसापेक्षा कमी प्रमाणात शोषला जातो; त्यामुळे डाळ-भाकरीवरील सरसकट बंदीस पुरेसा आधार नाही.

निष्कर्ष :
१. आहारतक्ता विकाराचा टप्पा, वजन व मधुमेहासारखे सहविकार पाहून ठरवावा आणि प्रत्येक तपासणीनंतर तपासून घ्यावा.
२. पोटॅशियम वा फॉस्फरस वाढलेले नसताना त्यासाठीची बंदी लादू नये.
३. 'काय खाऊ नये' यासोबत 'किती व कसे शिजवून खावे' हेही रुग्णाच्या ताटाच्या भाषेत सांगावे.
केवळ आकडा उतरवणे हे पथ्याचे साध्य नव्हे. रुग्णाचे बळ टिकवून मूत्रपिंडावरील भार हलका करणे, हे त्याचे खरे प्रयोजन आहे.