भिंग, अंतर आणि चेहरा : ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या व्यक्तिचित्रांच्या निमित्ताने

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन (1815–1879) यांच्या व्यक्तिचित्रांविषयी टीकाकारांत पहिल्यापासून दोन पक्ष आहेत. त्यांच्या हयातीत इंग्लंडमधील छायाचित्रणविषयक नियतकालिकांनी त्यांच्या चित्रांतील अस्पष्टतेला हयगय ठरविले. पुढील काळातील रसिकांनी तीच अस्पष्टता आत्मदर्शनाची खूण म्हणून गौरविली. दोन्ही पक्षांत एक उणीव समान आहे. चेहरा ज्या साधनांतून काचेवर उतरला, ते भिंग, त्याचे चेहऱ्यापासूनचे अंतर, प्रकाशाची दिशा व काचेवरील रसायन, यांचा हिशेब न मांडताच दोघेही चित्रातील व्यक्तीच्या स्वभावाविषयी निर्णय देतात. हा हिशेब मांडला असता कॅमेरॉनबाईंचे श्रेय कमी होत नाही. परंतु ते नेमके कोठे आहे, हे निराळ्या रीतीने सांगावे लागते.

प्रथम एक रूढ समजूत दूर केली पाहिजे. आखूड नाभीय अंतराचे भिंग नाक मोठे करते व लांब नाभीय अंतराचे भिंग चेहरा चपटा करते, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः चेहऱ्याच्या अवयवांची परस्पर प्रमाणे ठरतात ती केवळ अंतरावरून. एकाच जागेवरून दोन भिन्न भिंगांनी चित्रे घेऊन त्यांतील चेहरे समान आकाराचे करून पाहिल्यास नाक, गाल व कान तंतोतंत जुळतात. भिंगाचा प्रभाव अप्रत्यक्ष आहे: चेहऱ्याने चौकट भरावयाची तर आखूड भिंग छायाचित्रकाराला जवळ जावयास लावते, लांब भिंग मागे सरावयास लावते. नाकाचे टोक कानाच्या सुमारे 12 सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर नाकापासून 30 सेंटिमीटरवर ठेवलेला कॅमेरा कानाच्या मानाने नाक 40 टक्क्यांनी मोठे दाखवितो; दीड मीटरवरून हा फरक 8 टक्क्यांवर येतो. हातातील दूरध्वनीने स्वतःचे चित्र घेणाऱ्या आजच्या माणसाला याचा प्रत्यय रोज येतो, मात्र दोष तो आपल्या नाकाला देतो.

ही बाब केवळ सौंदर्याची नाही. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच व्यक्तींची 45 व 135 सेंटिमीटरांवरून घेतलेली चित्रे लोकांना दाखविली असता, जवळून टिपलेले चेहरे त्यांना कमी विश्वासार्ह वाटले. व्यक्ती तीच, बदलले ते केवळ अंतर.

आता कॅमेरॉनबाईंची साधने पाहावीत. 1863 च्या डिसेंबरात मुलीने व जावयाने भेट दिलेल्या त्यांच्या पहिल्या कॅमेऱ्याचे भिंग फ्रेंच बनावटीचे, सुमारे 12 इंच नाभीय अंतराचे होते व काच 11 बाय 9 इंचांची होती. 1866 च्या सुमारास त्यांनी 15 बाय 12 इंचांच्या काचेचा कॅमेरा व डालमायर यांचे 30 इंच नाभीय अंतराचे भिंग घेतले. प्रकाशशास्त्राच्या नियमानुसार वस्तूची मूळ आकाराएवढी प्रतिमा मिळण्यासाठी भिंग नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर असावे लागते. म्हणजे पहिल्या भिंगाने जवळजवळ मूळ आकाराचे मस्तक टिपावयाचे तर 2 फुटांवर जावे लागले असते. दुसऱ्याने ते 5 फुटांवरून साधले. जॉन हर्शेल व टॉमस कार्लाइल यांची 1867 मधील विख्यात मस्तके या दुसऱ्या कॅमेऱ्याची आहेत. प्रेक्षकाला हे चेहरे अगदी निकट आल्यासारखे वाटतात, आणि तरीही त्यांत निकटतेची विकृती नाही, याचे कारण या मापांत आहे. आकार जवळचा, प्रमाणे संभाषणाच्या अंतरावरची, असा हा दुर्मिळ योग आहे. ज्या अस्पष्टतेवरून एवढा वाद झाला, तिचेही मूळ पुष्कळसे येथेच आहे. एवढ्या मोठ्या प्रतिमेत एकाच वेळी जेमतेम बोटभर खोलीचा भाग स्पष्ट राहू शकतो. डोळा साधला तर कान विरघळतो. स्पष्टतेची मर्यादा भिंगाची होती. ती कोठे ठेवावी, हा निर्णय मात्र त्यांचा होता. आपल्याला जे सुंदर दिसले तेथेच आपण थांबलो व त्यापुढे स्पष्टतेच्या मागे लागलो नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी आपल्या 1874 मधील अपूर्ण आत्मकथनात दिलीच आहे.

हर्शेल यांच्या चित्रात प्रकाशाचे कार्य याहून सूक्ष्म आहे. चित्र एप्रिल 1867 मध्ये केंट परगण्यातील त्यांच्या घरी घेतले. तेव्हा त्यांचे वय 75 होते. त्या काळच्या व्यवसायी चित्रशाळांत काचेच्या छतातून सर्वत्र सारखा उजेड सोडण्याची रीत होती व तीत चेहऱ्याचा उंचसखलपणा पुसला जाई. कॅमेरॉनबाईंनी पार्श्वभूमी काळोखी ठेवून प्रकाश एका अंगाने येऊ दिला. त्यामुळे प्रत्येक सुरकुतीला उजेडाची एक व सावलीची एक अशा दोन कडा मिळाल्या. चित्रापूर्वी त्यांनी हर्शेल यांना केस धुवावयास लावले, अशी आठवण सांगितली जाते. ते पांढरे, मोकळे केस चेहऱ्याभोवती प्रभावळीसारखे उजळले आहेत. ऋषितुल्य वाटणारा हा वृद्ध अशा रीतीने काही अंशी रचलेला आहे.

त्यात रसायनाचाही वाटा आहे. ओल्या कोलोडियनची काच निळ्या व जंबुपार प्रकाशालाच प्रतिसाद देते. तांबडा तिला जवळजवळ काळा असतो. वार्धक्याने लालसर झालेली त्वचा व तीवरील डाग प्रत्यक्षाहून गडद उमटतात, निळे डोळे फिकट होतात. इंग्लंडमध्ये ज्या काचेने वृद्धांना भारदस्तपणा दिला, तिनेच हिंदुस्थानात उबदार गव्हाळ वर्ण प्रत्यक्षाहून काळा केला. 1868 ते 1875 या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी ग्रंथात अशा चित्रांशेजारी जातिजमातींच्या स्वभावाविषयी ठाम विधाने छापली गेली. काचेच्या आंधळेपणाची दखल त्या विधानांत नाही. कॅमेरॉनबाई स्वतः कलकत्त्यात जन्मलेल्या होत्या, एवढा योगायोग येथे नोंदवावा.

याच साधनांचा उलट दिशेने केलेला उपयोग म्हणजे आर्नल्ड न्यूमन यांनी 1963 मध्ये एसेन येथील कारखान्यात घेतलेले आल्फ्रीड क्रुप यांचे चित्र. क्रुप यांना 1948 मध्ये न्यूरेंबर्ग येथे सक्तमजुरांच्या पिळवणुकीबद्दल शिक्षा झाली होती व 1951 मध्ये त्यांची सुटका झाली. न्यूमन यांनी दोन्ही बाजूंनी दिवे लावून त्यांना पुढे वाकावयास सांगितले. त्याबरोबर गालांच्या कडा उजळल्या, चेहऱ्याचा मध्य अंधारात गेला आणि डोळ्यांच्या खोबणीतून काहीतरी अमानुष पाहू लागले. हे चित्र न्याय्य आहे असे बहुतेकांना वाटते. परंतु क्रुप यांच्या अपराधाचा पुरावा न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे, गालावरील उजेडात नाही; याच दिव्यांत हर्शेल यांना बसविले असते तर तेही तसेच दिसले असते.

मग दोन्ही चित्रे सारखीच कृतक मानावीत काय? तसे मानणे घाईचे होईल. हर्शेल यांच्यावरील एकांगी प्रकाश चेहऱ्याचा आकार उलगडतो; त्यातून गौरवभाव वजा केला तरी एका विशिष्ट वृद्धाचे कपाळ, ढिले पडलेले गाल व थकलेले डोळे प्रेक्षकाच्या हाती उरतात. क्रुप यांच्यावरील दुहेरी प्रकाश चेहऱ्याचा ओळखीचा मध्यभागच काढून घेतो. निंदाभाव वजा केला तर तेथे क्रुप फारसे उरत नाहीत. उरतो तो आरोपी, आणि त्याच्या जागी कोणीही बसू शकला असता.