दगडाची वरची बाजू

गोट्याचा हा छेद तळहातात मावेल एवढाच आहे. जमीन काळपट करडी. तिच्यावर पांढरट-निळसर डोळे विखुरलेले, दोन-तीन मिलिमीटरांपासून दोन सेंटिमीटरांपर्यंतचे, आणि प्रत्येक डोळ्याला हिरवी कड. लहान डोळे गोल आहेत. मोठे मात्र लांबट, चपटे, आणि सगळे एकाच दिशेला आडवे झालेले. सर्वांत मोठ्या डोळ्यात भिंतीलगत वळणाऱ्या बारीक रेघा आहेत. मध्येच त्या वळायचं सोडून देतात आणि सरळ आडव्या होतात. आडव्या रेघांच्या वर थोडी पोकळी उरली आहे, तिच्यात स्फटिकांची टोकं चमकतात.

हा गोटा तिळारीच्या पात्रातला. तिळारी सह्याद्रीतून दोडामार्गच्या बाजूने उतरते, पुढे शापोरा होते आणि पेडणे व बारदेशची हद्द आखत समुद्राला मिळते. पेडण्यात आमच्या पायाखाली जांभा. सडे जांभ्याचे, घरांचे चिरे जांभ्याचे. त्या जांभ्याखाली आहेत ते खडकही बहुतेक फार जुने, रूपांतर पावलेले. दख्खनचा काळा बसाल्ट गोव्याच्या ईशान्य कडेला जेमतेम स्पर्श करतो. म्हणून या भागात असा दगड हवा तर तो नदीकडून घ्यावा लागतो. वर घाटात त्याचे कडे उभे आहेत, नदी त्यांचे तुकडे खाली आणते, आणि आणता आणता दगडाची एक महत्त्वाची ओळख पुसून टाकते. मूळ जागी त्याची वरची बाजू कोणती होती, खालची कोणती, हे गोट्याकडे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येणार नाही. या छेदाचा खरा आनंद मला त्यातच वाटतो. गोलाईने जे लपवलं ते छेद परत सांगतो.

सुरुवात डोळ्यांच्या आकारापासून करावी. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. आजही त्यांनी व्यापलेला प्रदेश जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. वर येणाऱ्या लाव्हात वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे होतात आणि वर चढू लागतात. लाव्हा थिजला की ते जागच्या जागी अडकतात. आमच्या छेदातले मोठे बुडबुडे चपटे आहेत, कारण ते अडकले तेव्हा लाव्हा अजून सरकत होता आणि त्याने त्यांना आपल्या वाहण्याच्या दिशेला ओढलं. लहान बुडबुडे गोलच राहिले, कारण बुडबुडा जितका लहान तितका त्याचा पृष्ठताण त्याला घट्ट धरून ठेवतो. प्रवाह कोणत्या रेषेत गेला एवढं इथे कळतं. वर कुठे, खाली कुठे, हे अजून कळत नाही, कारण छेद उलटा धरला तरी चपटा डोळा चपटाच दिसतो.

पुढची ओळ हिरव्या कडेची. लाव्हा थंड झाला, वर आणखी थर चढले, आणि कोमट भूजल या रिकाम्या पोकळ्यांतून झिरपू लागलं. त्या पाण्याने बसाल्टमधूनच लोह, मॅग्नेशियम, सिलिका विरघळवून घेतली आणि पोकळीच्या भिंतीवर आधी सेलॅडोनाइटचा पातळ हिरवा लेप दिला. त्याच्या आत कॅल्सेडनी, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची सिलिका. तिचे थर भिंतीला चिकटून वाढतात, म्हणून भिंत वळली की तेही वळतात. आपण ज्याला अकीक म्हणतो त्याची वलयं ती हीच. भिंतीला चिकटून वाढणाऱ्या थराला गुरुत्वाकर्षणाशी देणंघेणं नसतं; तो छताला आणि तळाला सारखाच बसतो. त्यामुळे इथवरही दगड आपली बाजू सांगत नाही.

आणि मग त्या आडव्या रेघा येतात. कधीतरी पोकळीतल्या द्रावाचा गुण बदलला, सिलिका भिंतीला धरून न राहता बारीक कणांनी तळाशी बसू लागली. तळाशी बसणारी वस्तू सपाटच बसते. गवंडी चिऱ्यावर पाणसळ ठेवून पाहतो, तशी ही पाणसळ दगडाच्या पोटात ठेवलेली आहे आणि तिचा बुडबुडा कायमचा थिजला आहे. आडव्या रेघा जिथे आहेत ती खालची बाजू. स्फटिकांची पोकळी जिथे उरली ती वरची. आता गोटा हातात फिरवून घाटातल्या कड्यात तो ज्या स्थितीत होता तसा धरता येतो.

एवढ्यावरही छेद थांबत नाही. या आडव्या रेघा चपट्या बुडबुड्यांच्या लांबीला समांतर आहेत. बुडबुडे ओढले गेले ते लाव्हा वाहता असताना. आडव्या रेघा बसल्या त्या खडक गार होऊन फार मोठा काळ लोटल्यावर. दोन घटनांमध्ये इतकं अंतर, आणि दोघींची दिशा एक. याचा अर्थ लाव्हा जवळजवळ सपाटीवर पसरला आणि त्यानंतर, निदान या रेघा बसेपर्यंत, ती जमीन कलली नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर दुरून दिसणारे आडवे पट्टे हेच सांगतात. तळहातातल्या तुकड्याने त्यांना दुजोरा द्यावा, याहून मोठं सौंदर्य मला दगडात ठाऊक नाही.

हे सगळं दिसलं ते पातं कुठे लावलं त्यामुळे. आडव्या रेघांना समांतर कापलं असतं तर रेघांचा मागमूस लागला नसता. नुसती वर्तुळं आणि मधे एकसुरी पांढरा भाग दिसला असता. म्हणून गोटा आधी ओला करून उन्हात फिरवायचा, बाहेरच्या डोळ्यांची लांबी कुठे जाते ते पाहायचं, आणि पातं त्या लांबीला समांतर पण चपटेपणाच्या पातळीला काटकोनात घालायचं. छंदातला अर्धा विचार इथे खर्च होतो आणि तो तसाच व्हावा. हिऱ्याची कणी बसवलेलं पातं, सतत पाणी, हळू दाब. पाणी केवळ पातं थंड ठेवायला नसतं. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि खंबायतच्या अकीक कारागिरांनी, घरात बसून घासणाऱ्या बायामाणसांनी, त्याची किंमत प्राण देऊन मोजली आहे. तिथल्या लालबुंद मण्यांचं कौतुक करताना हे आठवायलाच हवं. घरच्या ओट्यावर हौसेने दगड कापणाऱ्याने तर पाणी आणि मास्क यांशिवाय यंत्राला हात लावू नये.

फिरत्या पिंपात, म्हणजे टंबलरमध्ये, मी हा दगड घातला नाही. पिंपात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड घालून आठवडाभर फिरवायचं, मग धुऊन बारीक पूड, मग आणखी बारीक, शेवटी झिलईची पूड. सगळीकडे सारख्या कठीण असणाऱ्या दगडाला हे उत्तम. पांढऱ्या गारगोट्या अशा निघतात की हातातून सोडवत नाहीत. पण आमच्या गोट्यात कॅल्सेडनी कठीणपणात 7 च्या जवळ, बसाल्ट 6 च्या आसपास, आणि हिरवी कड इतकी मऊ की नखाने ओरखडा उठावा. शेजारच्या बुडबुड्यांत झिओलाइट किंवा कॅल्साइट असेल तर तेही मऊच. पिंप मऊ भाग आधी खातं, डोळ्यांभोवती खळगे पडतात. शिवाय गोल केलेल्या पृष्ठभागावर सरळ रेघही वळलेली दिसते, म्हणजे नदीने जे पुसलं तेच आपण पुन्हा पुसायचं. सपाट छेद काचेवर पूड टाकून, मग वॉटर पेपरवर हाताने घासणं कष्टाचं आहे. या दगडाला तेच योग्य.

डिचोलीचा पट्टेदार लोहखडक याच्या शेजारी ठेवून पाहावा. खाणींच्या ढिगाऱ्यांमुळे तो तालुक्यात सर्वांच्या ओळखीचा: हेमॅटाइटचा काळा-तांबूस पट्टा, क्वार्ट्झचा फिका पट्टा, पुन्हा हेमॅटाइट. हातात घेताच वजन जाणवतं. कापताना बसाल्टचं पाणी राखाडी वाहतं, याचं लालभडक. हा लाव्हा नव्हे; अडीच अब्ज वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे, आणि म्हणून इथली रेघ सुरुवातीला सपाटच होती. पण नंतरच्या दाबाने तिला घड्या पडल्या, कधी एका वितीत दोनदा उलटी-सुलटी झाली. दिसायला तो छेद अधिक देखणा, हे मान्य. तरी त्या घडीत वरचं कोणतं, खालचं कोणतं, हे एका तुकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी अख्खी टेकडी वाचावी लागते. बसाल्टचा गोटा एकटा पुरेसा होतो.

दख्खनच्या या सिलिकेवर माणसाचा हात फार पूर्वीपासून आहे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी कॅल्सेडनीची लांब, समांतर धारांची पाती काढली. इसवीच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणहून ऑनिक्स, म्हणजे पट्ट्यांचा अकीक, गाड्यांत भरून भडोचला जात असल्याची नोंद आहे. पैठणच्या व्यापाऱ्याला हवे होते ते बहुधा सरळ पट्टेच. सरळ पट्टा मिळवायला दगड कोणत्या अंगाने फोडायचा हे तिथल्या कारागिराला कळत असलं पाहिजे, म्हणजे वर आणि खाली त्यालाही शोधावं लागत असणार.

माझ्या छेदावर झिलई पूर्ण चढलेली नाही. डोळे काचेसारखे झाले, जमीन रेशमी झाली, पण हिरवी कड मंद आणि जराशी खोल राहिली. काहीजण अशा जागी राळ भरून सगळं एकसारखं चकाकवतात. मी भरलेली नाही. बोट फिरवलं की कड लागते, आणि बुडबुडा कुठे संपला व पाणी कुठे सुरू झालं हे डोळे मिटूनही सापडतं.