पाचारण, वृत्ती आणि पेशा : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराच्या व बायबल-भाषांतराच्या निमित्ताने

पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) आपण एव्हाना सोयीस्कर वाटणी करून टाकली आहे. सुधारक रमाबाई समाजशास्त्राच्या वाट्याला गेल्या, धर्मांतरित रमाबाई चर्चच्या इतिहासाच्या; साहित्याच्या अभ्यासकाकडे उरले ते प्रामुख्याने १८८९ चे अमेरिकेवरील प्रवासवृत्त. या वाटणीत एक प्रश्न हरवतो. रमाबाईंच्या लेखी श्रद्धा आणि पेशा या दोन गोष्टी होत्या का? त्या दोन आहेत असे त्यांना आयुष्यभर इतरांनीच सांगितले, आणि ते सांगणारे परस्परविरोधी गोटांतले होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्दाचा विचार करू. मॅक्स वेबरने १९०४–०५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले, की ‘बेरूफ’ या जर्मन शब्दाला ईश्वरी हाक आणि ऐहिक व्यवसाय असा दुहेरी अर्थ ल्यूथरच्या बायबल-भाषांतरातून आला. सिराखच्या ग्रंथातील अकराव्या अध्यायाचा दाखला त्याने त्यासाठी दिला आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत हाकेसाठी ‘पाचारण’ रूढ झाला. पण पाचारण कधी धंद्याच्या अर्थापर्यंत पोचले नाही. उलट आपल्याकडे ‘वृत्ती’ हा शब्द आधीपासून होता. त्यात उपजीविका आहे, मनाचा कल आहे, आणि वंशपरंपरेने चालत आलेला हक्कही आहे. तुलनेची खरी अडचण इथेच आहे. ज्या स्थितीत हाक आली त्या स्थितीतच राहावे, हा पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील उपदेश ल्यूथरच्या अर्थाने जातिबद्ध समाजात आणला, तर तो वर्णधर्माच्या शेजारी जाऊन बसतो. सावता माळ्याने अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. वारकरी परंपरेतील हा श्रमाचा गौरव थोरच, पण तिथे माळी माळीच राहतो. धर्मांतरित मराठी माणसाला हाक ऐकणे म्हणजे बहुधा वृत्ती सोडणे होते. वेबरचा सिद्धांत आपल्या वर्गांत जसाच्या तसा शिकवला जातो तेव्हा नेमका हा फरक निसटतो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा प्रस्ताव निघाला. मुंबई व लाहोर येथील बिशपांनी त्यास हरकत घेतली : भारतात परतल्यावर त्यांच्या कार्याला याने बाध येईल. प्राचार्या डोरोथिया बील आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी १८८५ मध्ये झालेला पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या १९७७ च्या इंग्रजी संग्रहात उपलब्ध आहे. रमाबाईंचा प्रतिवाद वाचताना आजही थबकायला होते. वडिलांनी व पतीने जे कधी अनुचित मानले नाही, ते नव्या धर्मातील वडीलधाऱ्यांनी अनुचित ठरवावे, याचे त्यांना आश्चर्य वाटते. अध्यापन ही त्यांची घरची विद्या. श्रद्धेने ती अधिक मोकळी व्हावी, अशी त्यांची अपेक्षा. ही पत्रे केवळ चरित्राचे साधन म्हणून वाचली जातात. वस्तुतः ती वादग्रंथ आहेत, आणि शास्त्रार्थाची शिस्त त्यांत इंग्रजी वाक्यांच्या आडून स्पष्ट दिसते. ती मराठीत नाहीत म्हणून मराठी समीक्षेने त्यांच्याकडे पाठ फिरवावी, हे काही भूषण नव्हे.

आठ वर्षांनी आक्षेपाची दिशा उलटली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले, आणि तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाशी संबंध तोडला. बिशपांच्या मते श्रद्धेला पेशाने बाध येत होता. सुधारकांच्या मते पेशाला श्रद्धेने. सुधारकांची बाजू पोकळ नव्हती. विधवांचे पालक एका करारावर विसंबून मुली पाठवत होते, आणि आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करणारी संचालिका ही निव्वळ खाजगी व्यक्ती नसते.

या दोन्ही आक्षेपांना रमाबाईंचे उत्तर केडगावच्या कामातच मिळते. १८९६–९७ च्या दुष्काळानंतर मुक्तिसदन वाढत गेले. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांहून अधिक स्त्रिया व मुले होती. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणी आणि छापखाना! शारदासदनात आरंभी उच्चवर्णीय विधवांचे सोवळे सांभाळले जाई. केडगावात दुष्काळाने आणलेल्या सर्व जातींच्या मुली एकत्र आल्या, आणि कोणते काम कोणाचे हे जन्मावरून ठरेनासे झाले. याच छापखान्यात हिब्रू व ग्रीक भाषांतून रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर छापले गेले. खिळे जुळवण्याचे काम तेथील स्त्रियांचे. भाषांतरकर्तीने ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. रूढ भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्दयोजना टाळून साध्या, खेड्यातील बाईला कळेल अशा मराठीचा त्यांनी आग्रह धरला. मूळ शब्दाला घट्ट धरून राहिल्याने वाक्य अनेकदा अडखळते, आणि मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले, हे खरे. तरीही येथे जी स्त्री अक्षर जुळवते, तीच त्या अक्षराची अभिप्रेत वाचकही आहे. भाषांतराची भाषा कोणासाठी, हा प्रश्न त्या छापखान्यात सैद्धांतिक राहत नाही. या ग्रंथाची चिकित्सा केवळ शब्दनिवडीच्या अंगाने करणे त्यामुळे अपुरे पडते. त्याची निर्मितिप्रक्रिया हाही संहितेचाच भाग मानावा लागतो.

तुलनेसाठी ना. वा. टिळकांचे उदाहरण घ्यावे. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. पगारी सेवा आणि पाचारण यांतील ताण त्यांनी नोकरी सोडून मिटवला. त्या सोडण्याचा हिशेब घरात कोणाला मांडावा लागला, हे मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’कडे गेल्याशिवाय कळत नाही. रमाबाईंनी उलट संस्था उभारली, तिचे हिशेब ठेवले, देणगीदारांना अहवाल पाठवले. श्रद्धेचे गद्य जमाखर्चाच्या गद्याला इतके लगटून लिहिलेले मराठी ख्रिस्ती साहित्यात क्वचितच सापडेल.

एक शंका मात्र या वाचनाला सतत छेद देते. बिशपांपुढे स्वतःच्या विवेकाचा हक्क मागणाऱ्या रमाबाई केडगावात स्वतःच अधिकारस्थानी होत्या. १८८५ च्या पत्रांतील ‘मी’ला जे स्वातंत्र्य हवे होते, ते दुष्काळातून आलेल्या, जायला दुसरे घर नसलेल्या मुलीला तिथे कितपत मिळाले असेल? याचे उत्तर संचालिकेच्या पत्रांत शोधून मिळणार नाही. त्यासाठी मुक्तिसदनातील स्त्रियांनी सांगितलेले, लिहिलेले जे काही मागे उरले असेल ते त्यांच्या नावानिशी वाचावे लागेल, आणि तेव्हा रमाबाईंची पत्रे आपल्याला दुसऱ्यांदा, बिशपांच्या खुर्चीकडूनही वाचावी लागतील.