‘भूदान’ या शब्दातील अंतर्विरोध

हवा, पाणी व सूर्यप्रकाश यांप्रमाणे भूमीही सर्वांची आहे, हा विनोबांच्या भूदानविचाराचा पाया होय. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे १०० एकरांचे पहिले दान मिळाले आणि या विचारास चळवळीचे रूप आले. त्या चळवळीचे मूल्यमापन बहुधा एकरांच्या हिशेबाने होते: संकल्प ५ कोटींचा, प्राप्ती सुमारे ४२ लाखांची. तो हिशेब आवश्यकच आहे. तथापि चळवळीने धारण केलेल्या नावाची चिकित्साही तितकीच आवश्यक आहे.

धर्मशास्त्राच्या परिभाषेत दान म्हणजे वस्तूवरील आपले स्वत्व सोडून तीवर दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. अर्थात जे मुळात आपले नाही, त्याचे दान संभवत नाही. मीमांसकांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. विश्वजित् यागात यजमानाने सर्वस्व द्यावयाचे असते. त्यात भूमीही द्यावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या सहाव्या अध्यायात येतो. उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमीशी सर्वांचा संबंध सारखाच असतो. शबरस्वामी येथे एक विवेक करतात: माणसे शेतांची धनी असलेली दिसतात, समग्र पृथ्वीची नव्हेत.

विनोबांचा सिद्धांत पृथ्वीविषयी होता, मागणी शेताविषयी. ‘भूदान’ हा शब्द या दोहोंतील अंतर झाकतो. सिद्धांत स्वीकारला, तर जमीनदार दाता न ठरता केवळ परत करणारा ठरतो. त्याला दाता म्हटले, तर त्याची मालकी आधीच मान्य होते. विनोबांना याची जाणीव होती. शंकराचार्यांच्या गीताभाष्याच्या आधारे ते दानाचा अर्थ ‘संविभाग’ असा करीत, आणि दात्याच्या घरचा आणखी एक पुत्र या नात्याने वाटा मागत. ही भाषा वस्तुतः दानाची नसून दायाची आहे. दायात घेणाऱ्याचा हक्क असतो; दानात तो नसतो. परंतु लोकव्यवहारात शब्द व्याख्येने चालत नाही, रूढीने चालतो. कोणती जमीन द्यावयाची हे दात्यानेच ठरविले, आणि पुष्कळशी नापीक वा वादग्रस्त निघाली. रूढ अर्थाने दात्यास दिलेले स्वातंत्र्य हे याचे निदान एक कारण मानावे लागते.

१९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील मंगरोठ येथे आरंभ झालेल्या ग्रामदानाने हा अंतर्विरोध बराचसा मिटविला. त्यात मालकी ग्रामसमाजाकडे जाते, कसणूक शेतकऱ्याकडे राहते. देणारा व घेणारा एकच गाव असल्याने ‘दान’ हा शब्द केवळ नावापुरता उरतो. महाराष्ट्राने त्यासाठी १९६४ मध्ये कायदा केला, आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २०१३ मध्ये त्याच मार्गाने जाण्याचे ठरविले.

येथेही एक प्रश्न शिल्लक राहतोच. जैमिनीच्या ‘सर्वां’ना गावाची शीव नाही, ग्रामदानातील ‘सर्व’ तीवर थांबतात. समृद्ध गावाच्या भूमीत शेजारच्या निर्धन गावाचा वाटा कोणता, याचे उत्तर ग्रामदानाच्या परिभाषेत मिळत नाही. सर्वांच्या मालकीचा कोणताही सिद्धांत तपासताना म्हणूनच ‘मालकी’ या पदाआधी ‘सर्व’ या पदाचा अर्थ निश्चित केला पाहिजे.