वंशसाम्य गुणांक : एक चिकित्सा

संख्याशास्त्रातील कोणत्याही गुणांकास आपण दोन निरनिराळे प्रश्न विचारीत असतो. पहिला प्रश्न असा की, दोन गोष्टींत संबंध अथवा भेद आहे असे मानण्यास पुरेसा आधार आहे काय? दुसरा असा की, तो आहे असे मानल्यास किती आहे? पहिल्याचे उत्तर कसोटीने मिळते, दुसऱ्याचे मापाने. हा भेद वर्गात एका वाक्यात सांगून होतो. परंतु प्रबंधांच्या कोष्टकांत गुणांकापुढे तारकांची ओळ दिसली की संबंध 'दृढ' आहे असे विधान बिनदिक्कत केले जाते. या गल्लतीची किंमत काय पडते हे पाहावयाचे असेल तर मानवमितीतील वंशसाम्य गुणांकाचा इतिहास तपासावा. एका अत्यंत समर्थ गणिती संप्रदायाने तो वापरला, आणि सुमारे पंधरा वर्षे त्यावर मानवसमूहांच्या नात्यागोत्यांची मांडणी केली.

हा गुणांक कार्ल पिअर्सन यांचा. त्याचा पहिला उपयोग मिस टिल्डस्ली यांच्या ब्रह्मी कवट्यांवरील लेखात 'बायोमेट्रिका'च्या १९२१च्या खंडात झाला, आणि पिअर्सन यांनी त्याचे सविस्तर विवेचन त्याच नियतकालिकात १९२६ साली केले. रचना साधी आहे. प्रत्येक लक्षणासाठी दोन गटांच्या मध्यांतील फरक घ्यावयाचा, त्यास प्रमाण विचलनाने भागून वर्ग करावयाचा, त्या वर्गास दोन्ही नमुन्यांतील व्यक्तिसंख्यांच्या गुणाकारास त्यांच्या बेरजेने भागून येणाऱ्या संख्येने गुणावयाचे, सर्व लक्षणांची सरासरी काढावयाची आणि तीतून १ वजा करावयाचा. दोन्ही नमुने एकाच समष्टीतून आलेले असतील तर उत्तर शून्याच्या आसपास येते. म्हणजे ज्यास 'साम्य' गुणांक म्हटले आहे तो साम्य असता शून्य होतो आणि वैषम्याबरोबर वाढतो! नावातील हा विपर्यास कदाचित क्षम्य ठरेल. गुणनाचा घटक तसा ठरत नाही.

समजा, दोन गटांत प्रत्येक लक्षणाचा खरा फरक प्रमाण विचलनाच्या एक पंचमांशाइतका आहे. प्रत्येक गटातील १० व्यक्ती मोजल्या तर गुणांकाची अपेक्षित किंमत ०.२ येईल, १०० मोजल्या तर २, १००० मोजल्या तर २०. माणसे तीच, त्यांतील अंतर तेच. वाढले ते केवळ मोजणाऱ्याचे परिश्रम. हे दोन गट एकाच समष्टीतले मानता येतील काय, या प्रश्नापुरते हे वर्तन योग्यच आहे; पुरावा वाढला म्हणजे शंका कमी व्हावी. परंतु या किमतींवरून 'अमुक गट तमुक गटास अधिक जवळचा' असे म्हणू लागताच जे मोजले जाते ते गटांतील अंतर नसून बव्हंशी संग्रहालयातील कवट्यांची संख्या असते. प्राचीन कवट्यांचे संग्रह लहान-मोठे असतात, त्यामुळे हा धोका काल्पनिक नव्हता.

पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेस याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे पुढे एक न्यूनीकृत गुणांक प्रचारात आला. त्यात प्रत्येक गटात १०० व्यक्ती असत्या तर काय आले असते, असा हिशेब केला जाई. वरील उदाहरणात तिन्ही ठिकाणी अपेक्षित किंमत मग २ अशीच येते. पण केवळ १० व्यक्तींच्या नमुन्यावर आठ लक्षणे मोजली असता या २ची प्रमाण त्रुटी ५हून अधिक येते, म्हणजे मापापेक्षा मापातील चूक दुपटीहून मोठी. शिवाय दुसरा आणि माझ्या मते अधिक गंभीर दोष न्यूनीकरणाने दूर होत नाही. तो दोष असा की या सूत्रात लक्षणे परस्परांपासून स्वतंत्र धरलेली आहेत. सहसंबंध गुणांकास आजचे रूप ज्यांनी दिले त्याच पिअर्सन यांच्या सूत्रात सहसंबंधास स्थान नसावे, हे आश्चर्यच होय.

या दोषाच्या निराकरणाचा मार्ग प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दाखविला. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे. १९२० साली नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात त्यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांच्याशी भेट झाली, आणि कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मोजमापे विश्लेषणासाठी त्यांच्या हाती आली. त्यांवरील पहिला लेख १९२२चा. पुढे लंडन येथे पिअर्सन यांच्याच प्रयोगशाळेत काही महिने काम करून परतल्यावर त्यांनी १९३० साली गटभेदाच्या कसोट्या व गटभेदाची मापे यांवरील दीर्घ लेख प्रसिद्ध केला. कसोटी आणि माप यांची फारकत त्याच्या शीर्षकातच आहे. लक्षणांच्या सहसंबंधांचा समावेश असलेले सामान्यीकृत अंतर, म्हणजे 'डी-वर्ग', आजच्या रूपात १९३६ साली मांडले गेले. त्याच वर्षी फिशर यांनीही वंशसाम्य गुणांक ही सार्थकतेची कसोटी आहे, भेदाचे माप नव्हे, असा आक्षेप छापून घेतला.

सहसंबंध हिशेबात घेतल्याने काय फरक पडतो? उंची आणि हाताची लांबी ही दोनच लक्षणे घेऊ. त्यांचा गटांतर्गत सहसंबंध ०.८ आहे असे धरू. एका जोडीत पहिला गट दुसऱ्यापेक्षा उंचीने एक प्रमाण विचलन अधिक आहे आणि हातानेही तितकाच अधिक. दुसऱ्या जोडीत उंचीने तितकाच अधिक, पण हाताने तितकाच कमी. पिअर्सन यांच्या सूत्रास या दोन्ही जोड्या सारख्याच. फरकांच्या वर्गांची बेरीज दोहोंकडे २. डी-वर्ग मात्र पहिल्या जोडीत १.११ येतो आणि दुसऱ्या जोडीत १०. कारण उघड आहे. उंच माणसाचे हात लांब असावयाचेच. तो फरक दोनदा मोजण्यात अर्थ नाही. उंच असून हात आखूड असणे ही शरीराच्या बांध्यातील निराळी गोष्ट आहे. व्यक्तीवरून गट ओळखू पाहिल्यास पहिल्या जोडीत शेकडा सुमारे ३० माणसे चुकीच्या गटात पडतील, दुसऱ्या जोडीत सुमारे ६. दोहोंस एकच अंक देणारे माप मानवशास्त्रास काय शिकविणार?

डी-वर्ग म्हणून निर्दोष आहे असे नाही. लहान नमुन्यात तो वाढीव येतो, पण त्याची दुरुस्ती करता येते. सर्व गटांचे प्रचरण व सहप्रचरण समान आहे हे गृहीत मात्र सहसा तपासले जात नाही. आणखी एक अडचण अशी की नवे लक्षण मिळविल्याने समष्टीतील डी-वर्ग वाढेल किंवा तेवढाच राहील, कधीही घटणार नाही. मग लक्षणे कोठे थांबवावयाची? डी. एन. मजुमदार यांनी १९४१ साली संयुक्त प्रांतात घेतलेल्या मोजमापांवर महालनोबिस, मजुमदार व सी. आर. राव यांचा अहवाल 'सांख्य'मध्ये १९४९ साली आला. त्यात या प्रश्नास उत्तर म्हणून अशी अट घातली आहे की, लक्षणे वाढवीत गेल्यास गटांतील अंतरे एका मर्यादेशी स्थिरावली पाहिजेत. अट रास्त आहे. ती सिद्ध झालेली नसून गृहीत धरलेली आहे, हे त्यानंतरच्या अनुकरणकारांनी क्वचितच सांगितले.

याहून मूलगामी प्रश्न गटांच्या निवडीचा आहे. दोन गट हाती दिल्याशिवाय डी-वर्ग काढताच येत नाही, आणि ते गट जातींच्या नावांनी आधीच आखलेले होते. रिस्ले यांनी नाकाच्या प्रमाणावरून जातींच्या सामाजिक पायऱ्या दिसतात असा दावा केला होता. महालनोबिस यांनी १९३३ साली रिस्ले यांची बंगालमधील आकडेवारी दुरुस्त केली, हे काम मोलाचे. परंतु आकडे दुरुस्त केल्याने वर्गवारीची परीक्षा होत नाही. ती परीक्षा त्यापूर्वी एक वर्ष गो. स. घुर्ये यांनी आपल्या जात आणि वंश यांवरील ग्रंथात, फारच साध्या साधनांनी, केली होती. त्यांनी प्रांतवार तुलना केली आणि दाखविले की शरीरलक्षणांची चढण व सामाजिक दर्जाची चढण यांचा मेळ हिंदुस्थानी भाषेच्या प्रदेशात बसतो, पण मुंबईसारख्या इतर प्रदेशांत बसत नाही. घुर्ये यांचे गणित महालनोबिसांच्या तोडीचे नाही. सर्व प्रदेश एकत्र करून काढलेला गुणांक मात्र जे झाकून टाकील ते या विभागणीने उघड केले. आजच्या विद्यार्थ्याने १९३२चा तो ग्रंथ आणि १९३६चा तो लेख शेजारी ठेवून वाचावेत, आणि प्रथम घुर्ये वाचावेत.