उदासी संप्रदाय : वैराग्याचा वेष, गृहस्थांचे दरबार आणि इतिहासाची वाटणी

'उदास' हा शब्द आजच्या मराठीत खिन्नतेचा वाचक आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणांत येणारा 'उदासीन' मात्र खिन्न नाही, तो अलिप्त आहे. आणि धन कसे वेचावे हे सांगताना तुकोबांनी 'उदास' हा शब्द याच जुन्या अर्थाने योजला आहे. पंजाबी धर्मपरंपरेने हा जुना अर्थ टिकवला व त्याला दोन वाटा दिल्या. गुरू नानकांच्या प्रदीर्घ भ्रमणांना 'उदासी' म्हणतात आणि त्यांचे ज्येष्ठ पुत्र श्रीचंद यांच्यापासून सुरू झालेल्या संन्यासी संप्रदायालाही 'उदासी' म्हणतात. पिता भ्रमण संपवून करतारपूरला परतला, शेती करू लागला. पुत्राने मात्र गृहस्थाश्रम कधीच स्वीकारला नाही. शिखांच्या इतिहासातील एक दीर्घ वाद या दोन अर्थांच्या मधल्या जागेत उभा आहे.

मराठी अभ्यासकांनी या संप्रदायाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. शीख परंपरेविषयीचे मराठी लेखन बहुधा संत नामदेव व घुमान यांपासून निघते आणि नांदेडला येऊन थांबते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये असल्यामुळे ही आत्मीयता स्वाभाविक आहे. परंतु उदासी परंपरेशी जोडलेले सिंधी दरबार उल्हासनगर, मुंबई व नवी मुंबई या पट्ट्यात, महाविद्यालयांपासून लोकलच्या काही स्थानकांच्या अंतरावर आहेत. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करणाऱ्या दहा आखाड्यांत बडा उदासीन व नया उदासीन हे दोन आखाडे असतात आणि त्यांच्यासोबत निर्मल आखाडाही असतो. एवढे जवळ असूनही त्यांची नोंद 'इतर साधू' या सदराखाली होते, हे आश्चर्यच होय.

परंपरेप्रमाणे श्रीचंदांचा जन्म १४९४ चा. १५३९ मध्ये नानकांनी गादी पुत्राला न देता लहणा या शिष्याला, म्हणजेच गुरू अंगद यांना दिली. या निर्णयाचे शीख परंपरेतील स्पष्टीकरण सर्वज्ञात आहे : नानकांचा मार्ग गृहस्थाचा होता आणि संसारविन्मुख पुत्र तो पुढे नेऊ शकला नसता. जे. डी. कनिंगहॅम यांनी १८४९ च्या शीख इतिहासात तिसरे गुरू अमरदास यांनी कर्मप्रवण शिखांपासून विरक्त उदासींना पूर्णतः वेगळे केले, असे नोंदवले आणि पुढील अनेक ग्रंथांनी ते विधान तसेच उचलले. पण इथे एक अडचण उरते. सहावे गुरू हरगोविंद यांनी आपला ज्येष्ठ पुत्र बाबा गुरदित्ता (१६१३-१६३८) श्रीचंदांच्या स्वाधीन केला, गुरदित्ता त्यांचे उत्तराधिकारी झाले आणि त्यांनी अलमस्त, बालू हसना, फूल व गोंदा या चार शिष्यांकरवी चार 'धुआँ' म्हणजे चार प्रचारपीठे स्थापन केली, असे दोन्ही बाजू मानतात. ज्यांना तिसऱ्या गुरूंनी दूर केले, त्यांनाच सहाव्या गुरूंनी पुत्र द्यावा, हे कनिंगहॅमच्या विधानात बसत नाही.

उलट बाजूलाही प्रश्न आहेतच. श्रीचंदांचे देहावसान संप्रदाय १६२९ मध्ये मानतो. म्हणजे आयुष्य १३४ वर्षांचे. काही अभ्यासक १६१२ हे वर्ष मानतात, आणि ते स्वीकारले तर गुरदित्तांचा जन्मच श्रीचंदांच्या निधनानंतरचा ठरतो. दीर्घायुष्याच्या कथेमागे केवळ योगसामर्थ्याचे कौतुक आहे असे समजण्याचे कारण नाही. गुरुघराण्याशी तुटलेला दुवा पुन्हा जोडण्याचे काम ही कथा करते. असा दुवा उदासींना हवा होता हे समजण्यासारखे आहे. पण तो शीख साखीवाङ्मयालाही हवा होता, हे अधिक सूचक आहे.

वेष आणि रूपक

संप्रदायाची शिकवण समजून घेण्यासाठी श्रीचंदांच्या नावावर असलेली 'मात्रा' ही रचना मध्यवर्ती मानावी लागते. साधूला त्याच्या गुरूविषयी व दीक्षेविषयी प्रश्न विचारले जातात आणि तो उत्तरादाखल आपल्या वेषातील एकेका वस्तूचा अर्थ सांगतो. टोपी, कौपीन, झोळी, धुनी अशा प्रत्येक वस्तूला क्षमा, संयम, ज्ञान यांसारखे आंतरिक मूल्य जोडले जाते. ही पद्धत नवी नाही. 'जपुजी'त स्वतः नानकांनी योग्याच्या मुद्रा, झोळी, विभूती यांना असेच नैतिक अर्थ दिले आहेत.

मात्र दोन्ही ठिकाणी रूपकाचे कार्य परस्परविरुद्ध आहे आणि याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. संतोष हीच मुद्रा झाली म्हणजे कानातली मुद्रा अनावश्यक ठरते. नानकांचे रूपक वेष गळून पडावा यासाठी आहे. 'मात्रा'तील रूपक वेषाला अर्थ देऊन तो जागेवर ठेवते. जटा, भस्म, कौपीन सारे कायम राहते आणि शिवाय पवित्र होते. उदासी परंपरेने नानकांची भाषा घेतली व तिला नाथयोग्यांच्या बाह्यांगाशी जोडले, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. पुढे पंचदेवोपासना, श्रीचंदांना शिवावतार मानणे, भस्माच्या गोळ्याचे पूजन हे सारे त्या जोडणीतून सहज आले. ग्रंथ साहिबचा पाठ मात्र सुटला नाही.

मराठी वाचकाला येथे समर्थ रामदासांची आठवण व्हावी. पंजाबी साखीवाङ्मयात रामदास व गुरू हरगोविंद यांच्या भेटीची कथा आहे. घोड्यावर बसलेला, शस्त्रे धारण केलेला गुरू पाहून रामदास शंका विचारतात आणि विरक्ती आत असते, ऐश्वर्य बाहेर, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळते. कथेची ऐतिहासिकता सिद्ध नाही. पण ज्या हरगोविंदांनी पुत्र श्रीचंदांना दिला असे मानले जाते, त्यांच्याच मुखी वेषावाचूनच्या वैराग्याचे समर्थन घातले जावे, यावरून हा प्रश्न त्या काळात किती जिवंत होता ते कळते.

संन्याशांची मालमत्ता

अठराव्या शतकात मोगल सत्तेशी संघर्ष करणाऱ्या खालसा शिखांना गुरुद्वाऱ्यांत राहणे अशक्य झाले, तेव्हा केशधारी नसलेल्या उदासींनी ती स्थाने सांभाळली. याच शतकाच्या उत्तरार्धात महंत प्रीतमदास यांनी फिरत्या जमातींना आखाड्याचे रूप दिले. त्यांना हैदराबादच्या दरबारातील दिवाण चंदूलाल यांच्या घराण्याकडून द्रव्य मिळाले, असे संप्रदायात सांगितले जाते. रणजितसिंहांच्या राज्यात जहागिरी आल्या. १८४९ नंतर इंग्रजी कायद्याने महंतांच्या ताब्याला खाजगी मालकीचे वळण दिले आणि सेवेचे रूपांतर वारसाहक्कात झाले. ज्याने घर केले नाही, त्याच्याकडे जमिनीचे सातबारे आले, असे आपल्याकडच्या भाषेत म्हणता येईल. मठांच्या इनामांचे महाराष्ट्रातील प्रश्न ज्यांनी अभ्यासले आहेत, त्यांना ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही.

तिचा शेवट भीषण झाला. २० फेब्रुवारी १९२१ रोजी ननकाना साहिब येथे महंत नारायणदास यांच्या माणसांनी शंभराहून अधिक शिखांची हत्या केली. या रक्तपातानंतर गुरुद्वारा सुधारणा चळवळ थांबणे शक्य नव्हते आणि १९२५ चा शीख गुरुद्वारा कायदा आला. एका महंताच्या गुन्ह्याने सबंध संप्रदायाच्या तीन शतकांच्या कार्यावर छाया टाकली, हे खरे. परंतु उदासींची बाजू मांडणाऱ्या चरित्रग्रंथांत या घटनेवर जे मौन दिसते, तेही समर्थनीय नाही.

या कायद्याने शीख कोण, याची व्याख्या केली : गुरू ग्रंथ साहिब व दहा गुरू यांवर श्रद्धा, आणि अन्य कोणताही धर्म नसल्याचे निवेदन. यातले शेवटचे कलम निर्णायक होते. उदासी महंतांना मालमत्ता राखायची तर आपण शीख नाही असे न्यायालयात सांगणे भाग पडले. प्रीतमदास महंत विरुद्ध शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती या १९८४ च्या खटल्यात (हे प्रीतमदास अर्थातच आखाड्याच्या संस्थापकाहून वेगळे) सर्वोच्च न्यायालयाने उदासींना स्वतंत्र पंथ मानले आणि केवळ ग्रंथ साहिबचे वाचन होते म्हणून एखादा डेरा शीख गुरुद्वारा ठरत नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने निर्णय सुसंगत आहे. इतिहासकाराने मात्र मालमत्तेच्या दाव्यात दिलेली साक्ष संप्रदायाच्या मूळ स्वरूपाचे वर्णन म्हणून वाचू नये, आणि नेमके तेच अनेकदा घडले आहे.

हरजोत ओबेरॉय यांच्या १९९४ च्या ग्रंथाने या वाटणीला मोठे आव्हान दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंग सभेच्या चळवळीने धार्मिक सीमा घडवल्या, तोवर अनेक प्रकारचे शीखपण एकत्र नांदत होते, हा त्यांचा मुख्य विचार. उदासींना त्यामुळे इतिहासात हक्काची जागा मिळाली. तरी हे प्रतिपादन पूर्णतः स्वीकारता येत नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील भाई गुरदास यांचा श्रीचंदांविषयीचा सूर प्रशंसेचा नाही. सीमा तेव्हाही होती; ती उत्तराधिकार व आचार यांची होती. 'हिंदू की शीख' या प्रश्नाच्या रूपात ती नंतर आली, एवढेच ओबेरॉय यांच्या पुराव्यावरून सिद्ध होते.

सिंधूतीरावरून उल्हासनगरला

पंजाबातील संघर्षाची झळ सिंधमध्ये फारशी पोहोचली नाही. सक्करजवळ सिंधू नदीतील बेटावर बाबा बनखंडी यांनी १८२३ मध्ये साधुबेला हे उदासी तीर्थ स्थापन केले. सिंधमधील हिंदू प्रामुख्याने व्यापारी व नोकरदार गृहस्थ. खालसा दीक्षा न घेता नानकांना गुरू मानणारे. त्यांच्या वस्तीतील मंदिराला 'टिकाणा' म्हणत, आणि मराठी कानाला हा शब्द ओळखीचा वाटावा. टिकाण्यात ग्रंथ साहिबही असे आणि देवमूर्तीही. यू. टी. ठाकूर यांच्या 'सिंधी कल्चर' (मुंबई विद्यापीठ, १९५९) या ग्रंथात विस्थापनानंतरच्या या समाजाचे आरंभीचे चित्र मिळते.

फाळणीनंतर साधुबेलाची गादी मुंबईत आली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी कुटुंबे राहू लागली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. वसाहतीबरोबर दरबार उभे राहिले. येथे संन्याशाचे कार्य लक्षात घेण्याजोगे आहे : नामकरण, विवाह, मृत्यूनंतरचा पाठ, रोजचा लंगर, दवाखाना. महानुभाव पंथातील संन्यासी व वासनिक यांचे परस्परावलंबन ज्यांना माहीत आहे, त्यांना ही रचना लगेच उमगेल. गृहत्याग केलेला साधू हा उखडलेल्या गृहस्थांच्या घरपणाचा आधार झाला. 'मात्रा'ने वेष टिकवला म्हणून तिला दोष देणाऱ्याने हेही पाहावे की, परक्या मुलखात आलेल्या माणसाला आपला साधू दुरून ओळखता आला तो त्या वेषामुळेच.

तरीही पंजाबातील वाटणी अखेर सिंधी समाजापर्यंत पोहोचली. जानेवारी २०२३ मध्ये इंदूर येथे सिंधी दरबारांत ग्रंथ साहिबच्या मर्यादेचे पालन होत नाही, असा आक्षेप पंजाबातून आलेल्या एका गटाने घेतला आणि तेथील दरबारांनी सुमारे ९० बीड इमली साहिब गुरुद्वाऱ्याच्या हवाली केल्या. आक्षेपकांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ग्रंथाला जिवंत गुरू मानणाऱ्यास मूर्तीशेजारची त्याची स्थापना खटकणारच. पण ज्या समाजाने मुलूख सोडताना हा ग्रंथ सोडला नव्हता, त्याला तो शांततेच्या काळात परत करावा लागला. स्टीव्हन रॅमी यांनी २००८ च्या ग्रंथात सिंधी हिंदूंच्या संदर्भात 'हिंदू, सूफी की शीख' हा प्रश्नच अपुरा असल्याचे दाखवले होते. तो विद्यापीठीय चर्चेतून बाहेर पडला नाही.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तेथील हजुरी परंपरा पंजाबातील मर्यादेहून काही बाबतींत भिन्न असूनही मान्य आहे. दरबारांच्या बाबतीत अशी कोणतीही तरतूद नाही, आणि त्यांचा लिखित इतिहासही विखुरलेला आहे : काही अरबी-सिंधी लिपीत, काही गुरुमुखीत. सिंधमध्ये हिंदू घरांतील स्त्रिया टिकाण्यातच गुरुमुखी शिकत. ती लिपी वाचू शकणाऱ्या शेवटच्या पिढीतील आजीबाई उल्हासनगरच्या कॅम्पांत व वाशीच्या सदनिकांत आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या नातवंडांचे शिक्षण मराठी वा इंग्रजी माध्यमातून, आणि काहींचे याच परिसरातील महाविद्यालयांतून झाले आहे.