‘नॉर्मल’ कवटी नक्की कोणाची?

पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर ‘अमुक लोकसंख्येतील ऑलफॅक्टरी फॉसाची खोली: सीटी स्कॅनवर आधारित अभ्यास’ अशा धाटणीचा एखादा पेपर तुमच्या हाती आलाच असेल. दोन वर्षं मी हेच वाचतेय. विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच या पेपर्सबद्दल माझी तक्रार आहे.

नाकाच्या छताशी क्रिब्रिफॉर्म प्लेट नावाची चाळणीसारखी हाडाची पाटी असते. वासाच्या नसा तिच्या भोकांतून मेंदूकडे जातात. ही पाटी शेजारच्या छतापेक्षा खाली असल्याने वरच्या बाजूने एक खळगा तयार होतो, तोच ऑलफॅक्टरी फॉसा. त्याची बाहेरची भिंत म्हणजे लॅटरल लॅमेला, अत्यंत पातळ हाड. दुर्बिणीने सायनसचं ऑपरेशन करताना उपकरण तिथून आरपार गेलं, तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायला लागतं. खळगा खोल तर भिंत उंच, आणि धोका जास्त. केरॉस यांनी १९६२ मध्ये खोलीनुसार तीन प्रकार पाडले: १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिमी. आजही बहुतेक जण तेच वापरतात.

आता मला सांगा, ३.४ मिमी कुठे बसवाल? पूर्ण मिलिमीटरच्या हिशेबात ही विभागणी ठीक होती. आज संगणक दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देतो. कोणी ३.४ ला पहिल्या प्रकारात टाकतं, कोणी दुसऱ्या, आणि मी वाचलेल्या अनेक पेपर्समध्ये काय केलं हे लिहिलेलंच नाही. मग ‘त्यांच्याकडे दुसरा प्रकार जास्त, आमच्याकडे पहिला’ या तुलनेला अर्थ काय उरला?

त्या दोन दशांशांचंही तसंच. स्कॅनचे छेदच ०.६ मिमी जाडीचे असतील, तर पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरीतला ०.३ मिमीचा फरक मोठ्या नमुन्यात ‘सिग्निफिकंट’ येऊ शकतो. पण ऑपरेशन टेबलवर त्याचं करायचं काय?

मी स्वतः यात आपटले आहे. तीस स्कॅन मोजले, पंधरा दिवसांनी पहिले आकडे न बघता पुन्हा मोजले. कोरिलेशन छान आलं, मी खूश. गाईडनी ब्लँड-ऑल्टमन आलेख काढायला लावला (दोघांचा १९८६ चा पेपर जरूर वाचा), तेव्हा कळलं की दुसऱ्या वेळचे आकडे जवळपास सगळेच मोठे होते. खळगा पुढून मागे सारखा खोल नसतो, आणि मी नकळत वेगळा छेद निवडत होते. कोरिलेशन ही चूक दाखवत नाही, कारण सगळेच आकडे एकाच दिशेने सरकले होते.

पण खरी गोची ‘नॉर्मल’ या शब्दात आहे. धडधाकट माणसाला केवळ आपल्या अभ्यासासाठी रेडिएशन देता येत नाही, आणि देऊही नये. म्हणून आपण डोकेदुखी, चोंदलेलं नाक किंवा अपघातामुळे आधीच स्कॅन झालेल्यांचे ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेतो. याला माझा आक्षेप नाही. मात्र चार तालुक्यांतून एका हॉस्पिटलात आलेल्या या माणसांना शीर्षकात ‘भारतीय लोकसंख्या’ म्हणायचं, हे जरा अतीच झालं. वर १०० माणसांच्या दोन्ही बाजू मोजून नमुना २०० लिहायचा! एकाच माणसाचा डावा आणि उजवा खळगा एकमेकांपासून स्वतंत्र कसे?

सर्जन रुग्णाचा स्वतःचा स्कॅन बघूनच ऑपरेशन करतो, त्याला आपली सरासरी नकोच असते. त्याला हवं असतं ते वेगळंच: खूप खोल खळगा किती जणांत सापडतो, आणि दोन बाजू किती वेळा असमान असतात. तिसरा प्रकार १०० जणांत दोघांना सापडला, तर खरं प्रमाण साधारण ०.२ पासून ७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. एवढी मोठी अनिश्चितता असताना पेपरात नुसतं ‘२ टक्के’ छापलेलं असतं.

माझ्या सिनॉप्सिसच्या शीर्षकातून ‘भारतीय’ हा शब्द मी परवा काढला. गाईडना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी प्रेझेंटेशन आहे, बघू.